पित्याचें व्यसन व अपत्याचा वांटा

आपल्या प्राचीन धर्मशास्त्रांत पुत्र हा सर्वस्वीं पित्याच्या स्वाधीन असे, अपत्याचें संरक्षण ही कल्पनाच मुळीं एकोणिसाव्या शतकांत परदेशांतून आली, असें मत सुशिक्षितांत वारंवार ऐकूं येतें. उलट पक्षीं, जें जें आज कायद्यांत आहे तें तें स्मृतींत होतेंच, असें म्हणणारेही थोडे नाहींत. दोन्ही मतें ग्रंथ न उघडतां बनविलेलीं आहेत. पहिल्या मतास वसिष्ठाचा आधार दाखवितां येईल. कारण अपत्य देण्याचा, विकण्याचा व टाकण्याचा अधिकार तो मातापित्यांस देतो. परंतु याज्ञवल्क्य म्हणतो कीं, कुटुंबास बाध न येईल एवढेंच धन द्यावें, आणि स्त्री व पुत्र तर देऊंच नयेत. घरचा कर्ता पुरुष मद्यपी, जुगारी, उन्मत्त अथवा मारकुटा निघाला तर त्याच्या मुलांचें काय करावें, हा प्रश्न स्मृतिकारांपुढें व टीकाकारांपुढें उभा होता, आणि त्याचीं उत्तरें त्यांनीं निरनिराळ्या प्रकरणांत विखरून ठेविलीं आहेत. तीं एकत्र केलीं असतां आम्हांस असें दिसतें कीं, त्यांनीं मुलाचा वांटा जितक्या दक्षतेनें राखला तितक्या दक्षतेनें मुलाचें अंग राखलें नाहीं. आणि एका वर्गाच्या मुलांस तर पित्याच्या दोषाचें फळ भोगावयास लाविलें.

प्रथम इतिहासग्रंथांतील एक उदाहरण घेऊं. महाभारताच्या वनपर्वांतील नलोपाख्यान संस्कृत शिकणाऱ्या बहुतेकांच्या हातांतून गेलेलें असतें. पण आमच्या शिक्षकी पेशाचा अनुभव असा कीं, वर्ग हंस व स्वयंवर यांतच रमतो, आणि पुढील भाग वर्षअखेरीच्या घाईंत उरकला जातो. नलाच्या अंगांत कलि शिरला व तो पुष्कराशीं द्यूत खेळूं लागला. महिने लोटले. पौरजन व मंत्री दाराशीं येऊन उभे राहिले तरी त्यास भान नाहीं. दमयंतीनें विनविलें तर उत्तरही नाहीं. तेव्हां तिनें बृहत्सेना नांवाच्या दाईकरवीं वार्ष्णेय सारथ्यास बोलावून आणिलें, आणि इंद्रसेन व इंद्रसेना या दोघां मुलांस रथांत घालून कुंडिनपुरास आपल्या माहेरीं पोंचविण्यास सांगितलें. परंपरेनें कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यांतील वर्धेच्या कांठचें कौंडिण्यपूर होय. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या वेळीं राज्य अद्याप पुरतें गेलेलें नव्हतें. वार्ष्णेयानेंही राणीची आज्ञा झाली म्हणून एकदम रथ हांकला नाहीं. मंत्र्यांस कळवून, त्यांची संमति घेऊन मग तो निघाला. आख्यानकार नलास दुष्ट म्हणत नाहीं, दोष कलीचा मानतो. परंतु दोष कोणाचा याचा निर्णय होईपर्यंत दमयंती मुलांस त्या घरीं ठेवीत नाहीं. पित्यास दोषी न ठरवितांही मुलें दूर करितां येतात, हा विवेक येथें स्पष्ट आहे. धर्मशास्त्रांत तो सर्वत्र सांपडत नाहीं.

आतां धर्मशास्त्राकडे वळूं. पित्याचें ऋण पुत्रानें फेडावें हा नियम सर्वांस ठाऊक आहे. पित्याची परलोकींची गति त्यावर अवलंबून, अशी त्यामागें श्रद्धा असल्यामुळें नियम मोठा कडक. अशा नियमास याज्ञवल्क्यानें ऋणादान प्रकरणांत जो अपवाद जोडला तो आमच्या मतें या विषयाचा कणा आहे. सुरेसाठीं, कामासक्तीनें अथवा द्यूतांत केलेलें ऋण, दंडाची व शुल्काची राहिलेली बाकी, आणि वृथादान, हीं पुत्रानें देऊं नयेत असें तो सांगतो. मनूनेंही आठव्या अध्यायांत जुगाराचें व मद्याचें ऋण पुत्रावरून काढून टाकिलें आहे. मिताक्षरेंत वृथादानाचे मासले दिले आहेत ते पाहण्यासारखे आहेत : धूर्त, भाट, मल्ल, जुगारी, आणि कुवैद्य! घरांत रोगी अथवा वेडा माणूस असला म्हणजे पैसा कोणत्या वाटेनें जातो हें विज्ञानेश्वर जाणून होता असें दिसतें. त्याच प्रकरणांत कुटुंबासाठीं काढलेलें ऋण, कर्ता मेला किंवा परदेशीं गेला तरी, वांटेकऱ्यांनीं फेडावें असें आहे. म्हणजे कर्ज कोणीं काढलें यापेक्षां तें कशासाठीं काढलें इकडे स्मृतीचा रोख आहे.

याला दोन नियमांची जोड आहे. नारद आठव्या वर्षापर्यंत मुलास गर्भासारखा व सोळाव्यापर्यंत बाल समजतो, आणि व्यवहारास योग्य होईपर्यंत, तो पितृहीन व स्वतंत्र असला तरी, त्यास ऋणाचा धनी मानीत नाहीं. दुसरा नियम याज्ञवल्क्याचा : मत्त, उन्मत्त, आर्त, व्यसनी, बाल, भ्यालेला, अशांनीं केलेला व्यवहार सिद्ध होत नाहीं. उन्माद वात, पित्त, कफ, सन्निपात व ग्रह यांपासून पांच प्रकारचा, असें टीकाकार सांगतो. दारूच्या धुंदींत घेतलेली निशाणी सावकाराच्या उपयोगी पडूं नये, एवढी तरतूद यांत झाली.

पिता वेडा असला तर त्याच्या वांट्याचें काय? याज्ञवल्क्य उन्मत्त, जड, अंध, असाध्य रोगी इत्यादिकांस वांटा देत नाहीं. त्यांचें पोषण मात्र करावें म्हणतो. हा भाग वाचून पुष्कळ लोक तेथेंच थांबतात व स्मृतिकारांस निर्दय ठरवितात. पुढचाच श्लोक त्यांनीं वाचावा. अशांचे पुत्र निर्दोष असल्यास त्यांस वांटा मिळतो, आणि मुलींचें विवाह होईपर्यंत पोषण करावयाचें असतें. वांटा वेड्या बापावरून उडी मारून थेट मुलाकडे येतो. मिताक्षरा याहून पुढें जाते : दोष वांटणीच्या पूर्वींचा असेल तरच वांटा जातो, नंतर उद्भवल्यास जात नाहीं, आणि औषधानें रोग बरा झाला तर वांटणी होऊन गेली असली तरी वांटा मिळतो. वेड बरें होऊं शकतें हें येथें गृहीत धरलें आहे.

परंतु याच यादींत ‘पतित’ आणि त्याला लागून ‘तज्ज’ हे शब्द आहेत. तज्ज म्हणजे पतित झाल्यानंतर त्याला झालेला पुत्र. सुरापान हें ब्राह्मणास महापातक. तेव्हां पिणाऱ्या बापाचें कर्ज पुत्रावर येत नाहीं, पण बाप पतित ठरल्यावर जन्मलेल्या पुत्राचा वांटाच जातो. वेड्याच्या मुलास न्याय, पतिताच्या मुलास नाहीं, हा भेद आम्हांस तरी समर्थनीय वाटत नाहीं. मुलीची गोष्ट निराळी. वसिष्ठ पतिताच्या अपत्यांतून मुलीस वगळतो, कारण ती परक्या घरीं जाणारी. आणि याज्ञवल्क्य प्रायश्चित्ताध्यायांत अशी कन्या उपवास करवून, पित्याचें कांहीं न घेतां, वरण्यास मोकळीक देतो. तिची सुटका झाली खरी, पण अंगावरच्या वस्त्रापलीकडे फारसें कांहीं तिच्याबरोबर आलें नसेल.

मिताक्षरेचा मोठा आधार निराळाच आहे. चालुक्य सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याच्या कल्याणींत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याणांत, लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें पुत्राचें स्वत्व जन्मतःच मानिलें. वंगदेशांत जीमूतवाहनानें तें मानिलें नाहीं. त्यामुळें तिकडील बापास वडिलोपार्जित इस्टेट उधळण्यास जी मोकळीक होती ती इकडील बापास नव्हती. विज्ञानेश्वर शंख व नारद यांचीं वचनें घेऊन असेंही सांगतो कीं, पिता विपरीत बुद्धीचा अथवा रोगी असेल तर त्याच्या इच्छेविरुद्ध वांटणी होऊं शकते, आणि रोगी, कोपिष्ट व विषयासक्त पित्यास वांटण्या करण्याचा अधिकार उरत नाहीं. ही वांटणी मागावयास मात्र पुत्र जाणता हवा. पाळण्यांतल्या मुलाच्या वतीनें कोण बोलणार? याचें उत्तर मनु व कौटिल्य यांनीं दिलें आहे. बालकाचें रिक्थ तो गुरुगृहाहून परत येईपर्यंत अथवा बाल्य संपेपर्यंत राजानें राखावें असें मनु म्हणतो. अर्थशास्त्रांत तें काम गांवच्या वृद्धांकडे आहे, आणि नुसतें राखावयाचें नसून वाढवावयाचें आहे. सामर्थ्य असून स्त्री, अपत्यें, मातापिता यांस न पोसणारास बारा पण दंड. त्यांतून पतित वगळले, पण माता पतित असली तरी वगळली नाहीं. म्हैसूरच्या ग्रंथालयांत आलेल्या एका पोथीवरून श्यामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं हें अर्थशास्त्र छापलें नसतें, तर हा दंड आपणांस त्याच्या मूळ शब्दांत वाचावयास मिळाला नसता.

अंगाच्या रक्षणाविषयीं लिहिण्यासारखें थोडें आहे. मनु स्त्री, पुत्र, दास, शिष्य व धाकटा भाऊ यांस दोरीनें किंवा वेळूच्या कांबीनें, तेंही पाठीवर, मस्तकावर कदापि नाहीं, मारण्याची परवानगी देतो. मर्यादा मोडणारा चोराइतका अपराधी. कौटिल्य स्त्रीस तीन प्रहारांची मर्यादा घालतो व ती ओलांडल्यास दंड सांगतो. परस्परद्वेषानें होणारा विवाहमोक्ष त्यास मान्य आहे, पण धर्मविवाहांत नाहीं. मर्यादा आहे म्हणजे मार मान्य आहे. आणि रोज रात्रीं आईचा मार पाहणाऱ्या मुलाचा विचार या नियमांत कोठेंही नाहीं.

इंग्रजी अमदानींत ऋणाचा अपवाद कागदावर टिकला, पण हातांतून निसटला. कर्ज अनीतीचें होतें हें सिद्ध करण्याचा भार न्यायालयांनीं पुत्रावर टाकिला. बाप व्यसनी होता एवढें दाखवून भागेना, अमुक कर्जाचा पैसा अमुक व्यसनांतच गेला असें दाखवावें लागे. अज्ञान मुलानें हा पुरावा कोठून आणावा? मुंबई इलाख्यांत १८६६ च्या कायद्यानें वारसाची जबाबदारी हातीं आलेल्या मिळकतीपुरती ठेविली, हा त्यांतल्या त्यांत दिलासा. मुलाच्या अंगाकडे पाहणारा कायदा पुष्कळ उशिरां, १९२४ सालीं, या इलाख्यांत आला. वांट्यापुरतें पाहतां १९२८ च्या कायद्यानें जन्मतः वेडा अथवा जड नसलेल्यास वारशांत घेतलें, १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें रोग व व्यंग यांवरील अपात्रता पार काढून टाकिली, आणि २००५ च्या दुरुस्तीनें, तिच्या नंतरच्या कर्जांपुरतें, पुत्राचें धार्मिक ऋणदायित्वच रद्द केलें. पाल्याचें संगोपन करण्यास जो पालक अयोग्य अथवा असमर्थ ठरतो, त्याच्या मुलास २०१५ चा बालन्याय कायदा संरक्षणपात्र मानितो; अयोग्य व असमर्थ हे दोन शब्द तेथें वेगळे ठेविले आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें मनोरुग्णालयांत असलेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तोडूं नये असें ठरविलें. मुलास धोका असल्यास वेगळें ठेवावें, पण त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनीं फेरविचार व्हावा.

ग्रंथांतील नियम घरांत किती पाळले जात, हें मात्र ग्रंथांवरून कळणार नाहीं. तें कळेल कर्जरोखे, गहाणखतें, वांटणीपत्रें, फारखत्या व निवाडे यांवरून. आमचे संग्राहक सनदा व राजकीय पत्रें जिवापाड जपतात, आणि असल्या कागदांचा गठ्ठा ‘घरगुती तंटे’ म्हणून बाजूस सारतात किंवा रद्दींत जाऊं देतात. आमची विनंति अशी कीं, ज्यांच्या दप्तरांत हे कागद असतील त्यांनीं यादी करितांना चार गोष्टी टिपाव्या : रोख्यांत कर्जाचें कारण लिहिलें आहे काय; अज्ञान मुलाच्या नांवापुढें त्याच्या वतीनें कोणाची निशाणी आहे, चुलत्याची कीं मामाची; वांटणीपत्रांत वेड्या भावाच्या मुलाचा वांटा निराळा दाखविला आहे काय; आणि मुलींच्या लग्नखर्चाची रक्कम कोणाच्या हवालीं केली आहे. कारणाचें कलम बहुधा रोख्याच्या पहिल्या दोनचार ओळींतच असतें, आणि नेमका तोच भाग कागदाच्या घडींत फाटलेला असतो. तेव्हां तुकडे टाकूं नयेत.