भाताचे माप कोणाच्या हाती?

पापनाशमजवळ तिरुपालैत्तुरैच्या मंदिरात नायकांच्या काळातले, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले विटांचे भव्य कोठार आहे. त्यात ३,००० कलम (कलम हे धान्याचे तिथले माप) भात मावे, असे सांगतात. मराठी प्रवासी तंजावरला जातो तो सरस्वती महाल पाहायला. भोसल्यांचे राज्य १६७६ ते १८५५ ज्या भातावर चालले, त्याच्या कोठाराकडे तो सहसा फिरकत नाही. कावेरीच्या या खोऱ्यात संपत्ती भाताची होती आणि मजुरीही भाताचीच. फक्त माप मिरासदाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, हाती होते. ते त्याच्या एकट्याच्या हाती राहिले नाही, याचे श्रेय कायद्यापेक्षा शेतमजुरांच्या संपांना अधिक द्यावे लागते.

तारखाच तसे सांगतात. १९४३ पासून बी. श्रीनिवास राव यांनी तंजावर जिल्ह्याच्या पूर्व भागात किसान सभा उभी केली. पण्णैयाळ म्हणजे इथला सालगडी. त्याला चाबकाने मारणे आणि शेणाचे पाणी पाजणे बंद करा, ही सभेची पहिली मागणी होती. मजुरीचा प्रश्न नंतरचा. ठाण्यात गोदावरी परुळेकर वारल्यांना वेठीविरुद्ध उभे करत होत्या तो काळही हाच, १९४५ चा. तंजावरात १९४८ मध्ये मायुरमचा मजुरी करार झाला आणि मद्रासच्या राजाजी सरकारने कुळांना व पण्णैयाळांना संरक्षण देणारा वटहुकूम काढला तो १९५२ मध्ये. आधी संघटना आणि संप, मग करार, शेवटी कायदा, असा हा क्रम आहे. लावणी आणि कापणी लांबवता येत नाही, त्या थोड्या दिवसांत मजुराच्या नकाराला किंमत येते. पूर्वेकडे भूमिहीन दलित मजुरांची संख्या मोठी, म्हणून तिथे संघटना रुजली. तंजावर-पापनाशमच्या पश्चिम पट्ट्यात कुळांची आणि लहान शेतकऱ्यांची सरमिसळ असल्याने ती तेवढी रुजली नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. १९५२ नंतर अनेक मिरासदारांनी पण्णैयाळांना काढून रोजंदारीवर मजूर घेतले, म्हणजे चळवळीने गड्याची हक्काची भाकरीच घालवली. हे नुकसान खरे आहे, विशेषतः काम नसलेल्या महिन्यांत. पण त्या भाकरीला कर्जाची आणि चाबकाची दोरी बांधलेली होती. शिवाय गड्याला काढायचे हा निर्णय मालकाचा होता, संघटनेचा नव्हे. संपामुळे रक्तपात होतो, हा दुसरा आक्षेप. २५ डिसेंबर १९६८ ला पूर्व तंजावरातल्या कीळवेण्मणी गावात ४४ दलित जाळून मारले गेले, त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. वाद वाढीव मजुरीचा आणि बाहेरून आणलेल्या मजुरांचा होता. आग लावणारे मात्र संपकरी नव्हते. जमीनमालक संघटनेच्या पुढाऱ्यासह दोषी ठरलेल्यांना १९७३ मध्ये उच्च न्यायालयाने सोडून दिले. त्याआधी, १९६९ मध्ये, रास्त मजुरीचा कायदा आला आणि तोही पूर्व तंजावर डोळ्यांपुढे ठेवून. आता कापणी यंत्राने होते, त्यामुळे सुगीतल्या नकाराची धार बोथट झाली आहे, आणि शेतमजुरांच्या संघटना मालकाच्या खळ्यापेक्षा रोजगार हमीच्या मजुरीसाठी सरकारी कचेरीपुढे अधिक दिसतात.