खाट की पेन्शन?

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज लढाई संपून तीस-चाळीस वर्षं झाल्यावर शिपायाचं काय होतं, ते बघू.

निमित्त एका फोनचं. माझ्या पलटणीतले एक सुभेदार, आता पंचाहत्तरीचे, इंदूरला मुलाकडे असतात. गेल्या वर्षी पडले, खुब्याचं हाड मोडलं. मुलगा-सून दोघंही नोकरीला. एका वृद्धनिवासात चौकशी केली, तर तिथली महिन्याची फी जवळपास त्यांच्या पेन्शनएवढी. त्यांनी विचारलं, "साहेब, खाट घेऊ की पेन्शन ठेवू?"

मला लंडनजवळचं ग्रिनिच आठवलं. हा प्रश्न तिथे दीडशेहून अधिक वर्षं गाजला होता.

1692 च्या ला होगच्या आरमारी लढाईत जखमी होऊन आलेल्या खलाशांचे हाल इंग्लंडच्या राणी मेरीने पाहिले. म्हाताऱ्या आणि अपंग खलाशांसाठी कायमचं घर असावं, ही तिची इच्छा. ती 1694 च्या अखेरीस वारली आणि राजा विल्यमने ती पुरी करायला घेतली. आराखडा ख्रिस्तोफर रेनचा. नाव 'हॉस्पिटल', पण अर्थ आश्रयस्थान. पैशासाठी खलाशांच्या पगारातून महिन्याला सहा पेन्स कापले जात. म्हणजे पुढे मिळणाऱ्या खाटेचे हप्ते खलाशी तरुणपणापासूनच भरत होते.

1705 मध्ये पहिले बेचाळीस जण राहायला आले. 1814 मध्ये, नेपोलियनशी युद्ध चालू असताना, आकडा 2,710 वर गेला. अंगावर निळा कोट, दोन वेळचं जेवण, आजारपणात औषधपाणी, वर तंबाखूसाठी थोडे पैसे. शुश्रूषेला खलाशांच्याच विधवा. ऐकायला उत्तम आहे. पण आत येणाऱ्याला पेन्शन सोडावी लागे, आणि बायकोला आत राहता येत नसे. बऱ्याच जणांच्या बायका-मुलं आसपासच्या गल्ल्यांत कशीबशी दिवस काढत. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्याला लाल बाह्यांचा पिवळा कोट घालून फिरावं लागे. साठी उलटलेल्या माणसाला अशी शिक्षा! मी स्वतः शिस्तीच्या बाजूचा माणूस आहे, तरी हे मला पटत नाही.

तिथला भोजनगृहाचा किस्सा तर ऐकाच. जेम्स थॉर्नहिल या चित्रकाराने त्या दालनाचं छत आणि भिंती रंगवायला एकोणीस वर्षं घेतली. काम इतकं भव्य झालं की तिथे म्हाताऱ्यांना जेवायला बसवणं कुणाला बरं वाटेना. पंगत खाली तळघरात बसू लागली, आणि वरचं दालन पाहायला पाहुणे येऊ लागले. आजही देणगीदारांना दाखवायचा हॉल चकचकीत आणि राहणाऱ्यांचं न्हाणीघर ओलं, अशी निवासं मी पाहिली आहेत.

ताटात काय पडत होतं, तेही बाहेर आलं. कॅप्टन थॉमस बेली हे तिथले उपप्रमुख. चांगल्या बैलाच्या मांसाऐवजी निकृष्ट मांस, बिअरमध्ये पाणी, आणि खलाशांसाठी राखलेल्या जागांवर कधी समुद्र न पाहिलेली वशिल्याची माणसं. हे सगळं त्यांनी 1778 मध्ये छापून टाकलं. त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला. थॉमस अर्स्किन या नवख्या वकिलाने त्यांची बाजू मांडली. पुढे तो इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला. बेली खटला जिंकले, पण नोकरी गेली ती गेलीच.

खरी कसोटी 1865 मध्ये लागली. संसदेने कायदा केला: आत राहणाऱ्यांनी हवं तर बाहेर जावं, त्यांना पुरेशी पेन्शन रोख मिळेल. बहुतेकांनी बोचकं उचललं आणि ते गेले. मागे राहिले ते मुख्यतः अंथरुणाला खिळलेले. 1869 मध्ये ते घर बंद झालं, आणि पुढच्या काही वर्षांत तिथे नौदलाचं कॉलेज आलं.

म्हणून काय सगळी निवासं बंद करून पैसे वाटावेत? तसंही मला वाटत नाही. पुण्याजवळ खडकीला 1974 पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं केंद्र आहे. कमरेखालची जाणीव गेलेल्या माणसाला ठरलेल्या वेळी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर शय्याव्रण होतात. लघवीची नळी सांभाळावी लागते. हे घरच्यांना शिकवलं तरी वर्षानुवर्षं एकट्या बायकोने किती रेटायचं? तिथे नुसती पेन्शन पुरत नाही. शिकलेले हात लागतात, आणि सोबतीला त्याच दुखण्यातून गेलेली माणसं असली तर फारच बरं.

ग्रिनिचमधून चालत बाहेर पडलेल्यांना घर हवं होतं. न उठू शकणाऱ्यांना खाट हवी होती. दीडशेहून अधिक वर्षं दोघांना एकच दार दाखवलं गेलं, आणि त्या दाराची किंमत पेन्शन.

सुभेदारसाहेबांना मी तीन गोष्टी विचारून घ्यायला सांगितल्या. फी भरल्यावर हातखर्चाला किती उरतं? जेवणाबद्दल तक्रार असली तर ती ऐकणारा माणूस कोण, आणि तो कंत्राटदाराचाच तर नाही ना? महिनाभर राहून परत यावंसं वाटलं तर अनामत रक्कम मिळते का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांना तिथेच मिळाली. तिसऱ्यासाठी "ऑफिसला विचारून कळवतो" असं सांगितलंय. त्याला आता पाच आठवडे झाले.