नंदीबैलाची मान : स्वभावदर्शक उपमा आणि सोलापूरचे भाषावास्तव

इंग्रजी शिक्षणाबरोबर मराठी विद्यार्थ्याच्या वहीत 'ॲज' ह्या शब्दाच्या दुहेरी योजनेने बांधलेल्या उपमांची एक मालिकाच आली. 'ॲज बिझी ॲज अ बी', 'ॲज प्राउड ॲज अ पीकॉक', 'ॲज कूल ॲज अ ककंबर' हे माणसाचा स्वभाव सांगणारे वाक्प्रचार पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले गेले. (अशा पाठांतराला मराठीत 'पोपटपंची' म्हणतात, तीही उपमाच.) मराठीत ते रुजले मात्र नाहीत. ह्याचे कारण केवळ उपमानांच्या परकेपणात शोधणे अपुरे आहे. ते उपमेच्या बांधणीतही आहे.

मम्मटाच्या परिभाषेत उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि वाचक शब्द ही चारही अंगे उपस्थित असतील तर ती पूर्णोपमा. इंग्रजीतील हे वाक्प्रचार बहुतांशी पूर्णोपमाच आहेत. त्यांत धर्म उच्चारला जातोच, कारण अनेकदा अनुप्रासाचा अर्धा भार त्याच्यावर असतो. 'बिझी' गाळले की 'बी' लंगडी पडते, आणि 'काकडीसारखा शांत' असे भाषांतर केले की केवळ हसू उरते. मराठी बोलीचा कल निराळा आहे. 'तो नंदीबैल आहे', 'तो कळीचा नारद' ह्या प्रयोगांत वाचक शब्द नाही, धर्मही नाही. उपमेचे रूपक झालेले असते आणि धर्म श्रोत्याने पुरवायचा असतो. 'गरीब गाय' हा अपवाद म्हणावा, तर तेथेही 'गरीब' म्हणजे निर्धन नव्हे हे श्रोत्यालाच ठाऊक असावे लागते.

सिंह आणि कोल्हा ह्यांच्याबाबत अडचण आली नाही. पंचतंत्राने ती वाट आधीच मळलेली होती आणि सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांची इसापनीती १८२८ मध्ये मराठीत आली. घुबडाचे तसे झाले नाही. अथीनीच्या खांद्यावरून शहाणपण घेऊन आलेला हा पक्षी मराठीत अशुभ, आणि 'दिवाभीत' म्हणून तोंड लपवणारा ठरलेला.

लुप्त धर्म कळण्यासाठी भाषा सामायिक असावी लागते, असे सहज वाटते. सोलापूर हे गृहीतक मोडते. १८७७ मध्ये सुरू झालेल्या गिरणीने आणि हातमागाने वाढलेल्या ह्या शहरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी कुटुंबे एकमेकांच्या शेजारी राहत आली. होयबा माणसाला मराठीत 'नंदीबैल' म्हणतात. कानडीत तो 'कोले बसव'सारखी मान डोलावतो आणि तेलुगूत 'गंगिरेद्दु'सारखी. शब्द तीन, बैल एकच: गुबूगुबू वाजताच दारात मान हलवणारा, झूल पांघरलेला. महाराष्ट्रात तो फिरवणारा तिरमाळी समाज परंपरेने घरात तेलुगू बोलतो, ही गोष्ट येथे विशेष लक्षणीय आहे. उपमान भाषांतरातून गेले नाही. ते रस्त्यावरून चालत गेले. धर्म न उच्चारताही कळतो तो सामायिक भाषेमुळे नव्हे, सामायिक दृश्यामुळे. इंग्रजीतल्या बैलाला मान हलवावी लागली नाही, म्हणून तेथे तो मुख्यतः बळाचे उपमान राहिला. ए. मॅन्वारिंग ह्यांनी १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून मराठी म्हणींचा संग्रह काढला, तेव्हा भाषांतराच्या जोडीला खुलासाही द्यावा लागला, तो अशाच कारणाने.

ह्याच शहराचे दैवत सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातील कानडी वचनकार. त्यांच्या परंपरेत 'बसव' हे नाव 'वृषभा'वरूनच आलेले, आणि अत्यंत आदराचे. मकरसंक्रांतीच्या यात्रेत मानाचे सात नंदीध्वज मिरवतात. त्या नंदीध्वजापुढे हात जोडलेला माणूस घरी परतताना शेजारच्या जावयाला बिनदिक्कत 'नंदीबैल' म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही.