आजाराचं नाव बदलतं तेव्हा

बैठकीला एखादी बाई सारखी गैरहजर राहिली की कुजबुज सुरू होते, "आधी संधिवात म्हणाली, आता ल्युपस म्हणते. दरवेळी नवीन नाव!" या नावांचा इतिहास ऐकला तर ही कुजबुज थांबेल असं मला वाटतं.

अंगातली रोगाशी लढणारी ताकद उलटून आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडावर चालून येते, तो ऑटोइम्यून आजार. कुंपणानंच शेत खावं तसं. 1900 च्या सुमारास पॉल एर्लिख हे मोठे जर्मन शास्त्रज्ञ म्हणाले, शरीर स्वतःवर असा हल्ला होऊ देत नाही. मोठ्या माणसाचा शब्द! पुढं कितीतरी वर्षं हा विचारच मागं पडला. 1948 साली अमेरिकेत हारग्रेव्ह्ज यांना ल्युपसच्या रोग्यांमध्ये एक वेगळी पेशी दिसली, तेव्हा कुठं ल्युपस ओळखायला तपासणी मिळाली. 1956 मध्ये लंडनच्या डेबोरा डोनियाक या डॉक्टरबाईंनी सहकाऱ्यांसोबत थायरॉइडच्या एका आजारात रक्तच थायरॉइडच्या विरोधात गेलेलं दाखवून दिलं.

फ्लॅनरी ओ'कॉनर ही अमेरिकेतली मोठी कथालेखिका. वडील ल्युपसनं 1941 साली गेले, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. 1950 च्या शेवटी तिचे हात जड झाले. आधी संधिवात असं सांगितलं. काही महिन्यांतच ल्युपस असल्याचं कळलं, पण ते फक्त आईला. आईनं मुलीला सांगितलंच नाही! 1952 च्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीनं खरं सांगितलं, तोवर ती संधिवात समजूनच औषध घेत होती. आईची माया कळते, पण आजार जिच्या अंगात आहे तिलाच अंधारात ठेवणं मला पटत नाही. पुढं कुबड्या घेऊन ती लिहीत राहिली, मोर पाळत राहिली. 1964 मध्ये, 39 व्या वर्षी गेली.

मग एकाच बाईत दोन-तीन आजारांची लक्षणं असली तर? 1972 साली शार्प आणि सहकाऱ्यांनी असे 25 रोगी मांडले. थोडा ल्युपस, थोडी कातडी कडक होणं, थोडी स्नायूंची सूज. नाव दिलं 'मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज'. हा वेगळा आजार की दुसऱ्या आजाराची सुरुवात, यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. काहींचं निदान पुढं खरंच बदलतं. एएनए ही रक्ततपासणी तर धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून नुसत्या एका कागदावर निदान होत नाही.

त्यामुळं डॉक्टर बदलला तरी जुने रिपोर्ट टाकू नका, सगळी पिशवी घेऊन जा. काय कधी सुरू झालं तेही सांगा. थंड पाण्यात भांडी घासताना बोटं पांढरी-निळी पडतात, हे बायका क्षुल्लक समजून सांगतच नाहीत. डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं.