गोळीचं आणि पेगचं जुनं नातं

अमेरिकेत स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात दारूचा उल्लेख हमखास सापडतो. 'पिऊ नका' असं ते सांगत नाही. भरपूर पिणाऱ्यांच्या बाबतीत जपून, इतकंच. घरोघरी मात्र या सूचनेचे दोन टोकांचे अर्थ निघतात. आईच्या मते एक थेंबही नको आणि काकांच्या मते 'थोडी तर हार्टला चांगलीच असते'. ही दोन्ही मतं कुठून आली, ते एपिसोडमध्ये घाईघाईत उरकलं होतं. म्हणून इथे जरा निवांत.

आधी काकांचं मत, कारण ते जास्त जुनं आहे. १७७२ मध्ये विल्यम हेबरडेन या इंग्रज डॉक्टरने छातीत कळ येण्याच्या आजाराचं पहिलं नीट वर्णन छापलं आणि झोपताना वाइन किंवा कडक दारू घेतल्याने आराम पडतो असं नोंदवलं. अमेरिकेत व्हिस्की आणि ब्रँडी अधिकृत औषधसूचीतून निघाल्या त्या थेट १९१६ मध्ये. चारच वर्षांनी दारूबंदी आली आणि गंमत म्हणजे याच व्हिस्कीला डॉक्टरच्या चिठ्ठीवर केमिस्टच्या दुकानात पुन्हा जागा मिळाली. आपल्याला यात हसण्यासारखं फार काही नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही महाराष्ट्रात आहे, तब्येतीच्या कारणासाठी परवाना ही त्यातलीच सोय, आणि आपला 'परमिट रूम' हा शब्द त्याच परवान्याचा.

आता गोळी. आकिरा एंडो हा जपानी शास्त्रज्ञ १९६६ ते ६८ न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात अल्बर्ट आइनस्टाइन मेडिकल कॉलेजात काम करत होता. तिथलं चरबीदार खाणं, लठ्ठ म्हातारी माणसं आणि हृदयविकाराचं प्रमाण त्याच्या मनात राहिलं. पेनिसिलिनच्या गोष्टीवर तो फिदा. बुरशीतून जंतुनाशक मिळतं, तर कोलेस्टेरॉल रोखणारं काही का मिळू नये? टोकियोला परतल्यावर सांक्यो कंपनीत त्याने हजारो बुरश्या तपासल्या. १९७३ मध्ये क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत त्याला कॉम्पॅक्टिन सापडलं. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल लिव्हर तयार करतं, आणि त्या कारखान्यातलं एक मुख्य एन्झाइम हे द्रव्य अडवतं. मग लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेऊ लागतं. म्हणजे गोळीचं कामच मुळात लिव्हरमध्ये चालतं. हे लक्षात ठेवा.

कॉम्पॅक्टिन स्वतः बाजारात आलंच नाही. अमेरिकेतल्या मर्क कंपनीने १९७८ मध्ये दुसऱ्या एका बुरशीतून लोव्हास्टॅटिन काढलं. एंडो तोवर सांक्यो सोडून विद्यापीठात गेला होता. १९७९ मध्ये त्याला मोनॅस्कस या लाल बुरशीतून 'मोनॅकोलिन के' मिळालं, आणि पुढे कळलं की दोन्ही द्रव्यं एकच. आता ही मोनॅस्कस कोण? चीनमध्ये तांदळावर ती वाढवून लाल तांदूळ करतात आणि त्यापासून शतकानुशतकं तांदळाची वाइन बनवतात. गोळी आणि ग्लास एकाच घरचे निघाले! (अमेरिकेत असा लाल तांदूळ 'नैसर्गिक' पूरक म्हणून विकला जायचा. १९९८ मध्ये एफडीएने कोलेस्टिन हे उत्पादन चक्क औषध ठरवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. 'नैसर्गिक आहे, मग काय होतंय' म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.)

१९८७ मध्ये लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि आईचं मत जन्मलं ते या टप्प्यावर. काही रुग्णांच्या रक्तात लिव्हरचे एन्झाइम वाढलेले दिसत, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासायची शिफारस होती. दारूही लिव्हरवरच भार टाकते, म्हणून तिचीही तंबी आली. अनुभव वाढला तसं लक्षात आलं की स्टॅटिनने लिव्हरला गंभीर इजा होणं फार दुर्मीळ आहे आणि नेहमीच्या तपासणीतून ती आधी कळतही नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये एफडीएने ती नियमित तपासणी काढून टाकली. दारूबद्दलची सूचना राहिली, आणि माझ्या मते बरोबरच राहिली. सतत जास्त पिणाऱ्याचं लिव्हर आधीच आजारी असू शकतं, स्नायूंनाही इजा होते, आणि रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढतात ते वेगळंच. एकीकडे गोळी घ्यायची, दुसरीकडे रिपोर्ट बिघडवायचा.

काकांच्या बाजूला नवं बळ मिळालं ते नोव्हेंबर १९९१ मध्ये. 'सिक्स्टी मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमाने सांगितलं की फ्रेंच लोक चीज-लोणी खाऊनही हृदयविकाराने कमी मरतात, आणि श्रेय रेड वाइनला असावं. अमेरिकेत रेड वाइनचा खप उसळला. पण १९८८ मध्येच ब्रिटिश संशोधक शेपर यांनी एक खोच दाखवली होती. 'न पिणाऱ्यां'च्या गटात आजारी पडल्यामुळे पिणं सोडलेली माणसंही मोजली जातात. मग थोडी पिणारे त्यांच्यापुढे ठणठणीत दिसणारच. याचा निकाल लावायला अमेरिकेत एक मोठी चाचणी सुरू झाली, पण तिचा बराचसा पैसा मद्य कंपन्यांकडून आला होता आणि अधिकाऱ्यांनीच तो मागितला होता, असं उघड झाल्यावर जून २०१८ मध्ये ती बंद झाली.

त्याच वर्षी अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शिकेत दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदवला गेला. सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागात २०१० पासून चाललेला, नावालाही 'मसाला' असलेला अभ्यास आपल्याच लोकांच्या हृदयाचा आहे. म्हणजे इथे आपल्यापैकी आणखी बऱ्याच घरांत स्टॅटिन येणार.

आणि तिथे एक साधा घोटाळा होतो, मापाचा. अमेरिकन डॉक्टर 'ड्रिंक' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात १४ ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीचे साधारण ४४ मिलिलिटर. आपला मोठा पेग ६० मिलिलिटरचा. भारतीय व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, म्हणजे एका पेगमध्ये २० ग्रॅम. दोन पेग म्हणजे जवळपास तीन ड्रिंक, आणि तेही मापाने ओतले तर. 'किती घेता?' असं विचारल्यावर 'दोनच' हे उत्तर मिळतं, आणि डॉक्टर फाइलमध्ये २ लिहितो.