स्त्रीमदजन व त्याचे ग्राही : मूषकांवरील संशोधनाचा इतिहास

पृष्ठवंशी प्राण्यांच्या अंडकोशात मुख्यत्वे तयार होणाऱ्या आणि मादीच्या जननेंद्रियांची वाढ, मदचक्र व दुय्यम लैंगिक लक्षणे यांचे नियमन करणाऱ्या स्टेरॉइड हॉर्मोनांच्या गटास ‘स्त्रीमदजन’ अथवा ‘एस्ट्रोजेन’ म्हणतात. एस्ट्रॅडिऑल, एस्ट्रोन व एस्ट्रिऑल ही या गटातील प्रमुख हॉर्मोने होत. त्यांपैकी एस्ट्रॅडिऑल सर्वांत प्रभावी आहे. हॉर्मोन रक्तावाटे शरीरभर फिरत असले, तरी ज्या कोशिकांत (पेशींत) त्याला बांधून घेणारे विशिष्ट प्रथिन असते, त्याच कोशिका त्याला प्रतिसाद देतात. या प्रथिनास ‘ग्राही’ म्हणतात.

या विषयाच्या इतिहासात मूषकाचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. (या लेखात ‘मूषक’ ही संज्ञा घरात आढळणाऱ्या लहान जातीसाठी आणि ‘उंदीर’ ही संज्ञा प्रयोगशाळेतील त्याहून मोठ्या जातीसाठी वापरली आहे.) प्रथम हॉर्मोन मोजण्याचे साधन म्हणून, नंतर त्याच्या दुष्परिणामांचा साक्षीदार म्हणून आणि अखेरीस ग्राहीचे कार्य उलगडण्याचे माध्यम म्हणून मूषकाचा उपयोग झाला. ‘मादीचे हॉर्मोन’ ही मूळची कल्पना या प्रवासात पार बदलून गेली.

अंडकोशाच्या स्रावाचा शोध : अंडकोश काढून टाकल्यास गर्भाशय आक्रसते, हे एकोणिसाव्या शतकात माहीत होते, परंतु हा परिणाम तंत्रिकांमुळे (मज्जातंतूंमुळे) होतो, अशी समजूत होती. व्हिएन्ना येथील एमील क्नाउअर यांनी १८९६ पासून सशांवर व योझेफ हाल्बान यांनी १९०० मध्ये गिनीपिगांवर अंडकोशाच्या रोपणाचे प्रयोग केले. मूळ जागेपासून दूर रोपण केलेला अंडकोशही गर्भाशयाची झीज थांबवितो, असे दिसून आले. त्यामुळे अंडकोश रक्तात एखादे द्रव्य सोडत असला पाहिजे, हे उघड झाले. मात्र ते द्रव्य अर्कात आहे की नाही, हे ठरविण्याची सोपी कसोटी उपलब्ध नव्हती.

ही कसोटी मदचक्राच्या अभ्यासातून मिळाली. चार्ल्स स्टॉकार्ड व जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी १९१७ मध्ये गिनीपिगाच्या योनिमार्गातील स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्यातील कोशिकांच्या स्वरूपावरून चक्राची अवस्था ओळखता येते, असे दाखविले. एडगर ॲलन यांनी १९२२ मध्ये मूषकाच्या चक्राचे वर्णन प्रसिद्ध केले. हे चक्र साधारणपणे ४ ते ५ दिवसांचे असते. मादी माजावर असताना योनिमार्गाच्या लेपात चपट्या, केंद्रकरहित व शृंगित (शिंगासारख्या कठीण झालेल्या) कोशिका दिसतात. माज ओसरल्यावर त्यांची जागा श्वेत कोशिका घेतात. मादीला न मारता हे परीक्षण वारंवार करता येते, हा त्याचा मोठा फायदा होता.

ॲलन व रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड डॉइझी यांनी सेंट लूइस येथे डुकरिणींच्या अंडकोशांतील पुटकद्रव गोळा करून त्याचा अर्क अंडकोश काढलेल्या मूषक व उंदीर माद्यांना टोचला. थोड्याच काळात त्यांच्या योनिलेपात माजाची लक्षणे प्रकट झाली. हे निष्कर्ष १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शुद्ध द्रव्य हाती नसतानाही या कसोटीमुळे त्याचे प्रमाण मोजता येऊ लागले. अंडकोशरहित मूषकात पूर्ण माज आणणारे किमान प्रमाण ‘मूषक एकक’ म्हणून स्वीकारले गेले.

बर्लिन येथील झेल्मार आशहाइम व बेर्नहार्ट झोंडेक यांना १९२७ मध्ये गर्भवती स्त्रियांच्या मूत्रात हे हॉर्मोन विपुल असल्याचे आढळले आणि कच्च्या मालाची अडचण दूर झाली. १९२९ मध्ये अमेरिकेत डॉइझी यांनी व जर्मनीत आडोल्फ बूटेनांट यांनी स्वतंत्रपणे एस्ट्रोन स्फटिकरूपात मिळविले. पुढे डॉइझी यांच्या प्रयोगशाळेत डुकरिणींच्या सुमारे ४ टन अंडकोशांपासून केवळ काही मिलिग्रॅम एस्ट्रॅडिऑल हाती लागले. १९३४ मध्ये झोंडेक यांनी घोड्याच्या मूत्रातही स्त्रीमदजनाचे प्रमाण मोठे असल्याचे दाखविले. नराच्या शरीरात हे हॉर्मोन काय करते, हा प्रश्न मात्र पुढे सहा दशके जवळजवळ अनुत्तरित राहिला.

मूषकांनी दिलेला इशारा : मूषकांचे पालन करणाऱ्या ॲबी लॅथ्रॉप व विकृतिवैज्ञानिक लिओ लोब यांनी १९१६ मध्ये असे दाखविले होते की, मूषक माद्यांचे अंडकोश लवकर काढल्यास त्यांना स्तनाचा कर्करोग कमी प्रमाणात होतो. याची उलट बाजू पॅरिस येथील आंत्वान लाकासान्य यांनी १९३२ मध्ये पुढे आणली. ज्या वाणातील माद्यांना हा रोग वारंवार होई, त्या वाणातील नरांना एस्ट्रोनाची संयुगे टोचली असता नरांनाही स्तनाचा कर्करोग झाला. मूषकांतील या रोगास मातेच्या दुधातून संक्रमित होणारा एक घटकही कारणीभूत असतो, असे जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखविले. हा घटक व्हायरस असल्याचे पुढे निश्चित झाले. त्यामुळे मूषकावरून मानवासंबंधी थेट अनुमान काढणे सोपे नव्हते.

चार्ल्स डॉड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ मध्ये डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्रीमदजन तयार केले. ते स्वस्त असून तोंडावाटे घेतले तरी प्रभावी ठरे. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेत व अन्यत्र गर्भपात टाळण्यासाठी ते असंख्य गर्भवती स्त्रियांना दिले गेले. याचा काहीही उपयोग होत नसल्याचे १९५३ मध्ये शिकागो येथील नियंत्रित चाचणीत आढळले, तरी त्याचा वापर चालूच राहिला.

दरम्यान मूषकांवरील प्रयोगांतून धोक्याची चिन्हे दिसू लागली होती. नवजात मूषक माद्यांना थोडे दिवस स्त्रीमदजन दिल्यास पुढे उपचार थांबल्यावरही त्यांच्या योनिमार्गात कायमचे बदल राहतात, असे हॉवर्ड बर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये दाखविले. १९६३ मध्ये थेल्मा डन व ए. डब्ल्यू. ग्रीन यांनी नवजात अवस्थेत स्त्रीमदजन टोचलेल्या मूषकांत गर्भाशयग्रीवेचा (गर्भाशयाच्या मुखाकडील भागाचा) कर्करोग व इतर विकृती नोंदविल्या. मूषकाची जननेंद्रिये जन्मानंतरही काही दिवस घडत असतात. मानवात हीच वाढ मातेच्या उदरात होते. म्हणून नवजात मूषकातील हे निष्कर्ष मानवी गर्भाच्या दृष्टीने अर्थपूर्ण होते. १९७१ मध्ये बॉस्टन येथील आर्थर हर्ब्स्ट व सहकाऱ्यांनी तरुण मुलींत क्वचित आढळणाऱ्या योनिमार्गाच्या कर्करोगाचे आठ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी सात जणींच्या मातांनी गर्भावस्थेत हे औषध घेतले होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भवतींना ते न देण्याची सूचना केली. १९७५ मध्ये जॉन मॅक्लाक्लन व सहकाऱ्यांनी मातेच्या उदरात या औषधाच्या संपर्कात आलेल्या मूषक नरांच्या जननेंद्रियांतही विकृती असल्याचे दाखविले.

ग्राहीचा शोध : एस्ट्रॅडिऑल कोशिकेतील एंझाइमी विक्रियांत स्वतः भाग घेते व त्यातून ऊर्जा-चयापचय बदलते, असे मत १९५० नंतरच्या दशकात प्रचलित होते. शिकागो विद्यापीठातील एल्वुड जेन्सन व हर्बर्ट जेकबसन यांनी ट्रिटियम या हायड्रोजनाच्या किरणोत्सर्गी समस्थानिकाने चिन्हांकित केलेले एस्ट्रॅडिऑल तयार केले आणि अत्यल्प मात्रेत ते उंदरांच्या अपक्व माद्यांना टोचले. रक्त व स्नायू यांतून ते लवकर नाहीसे झाले. गर्भाशय व योनिमार्ग यांत मात्र ते दीर्घकाळ टिकून राहिले आणि त्यात कोणताही रासायनिक बदल झालेला नव्हता. म्हणजे हॉर्मोन तेथे खर्च होत नव्हते, तर बांधले जात होते. १९६६ मध्ये डेव्हिड टॉफ्ट व जॅक गोर्स्की यांनी उंदराच्या गर्भाशयातून हे बांधणारे प्रथिन वेगळे केले. १९८६ मध्ये मानवी ग्राहीच्या जीनाची (आनुवंशिक घटकाची) रचना उलगडली आणि १९८७ मध्ये मूषकाच्या ग्राहीची. हॉर्मोनाशी बद्ध झालेला ग्राही केंद्रकातील डीएनएच्या विशिष्ट भागांना चिकटतो व काही जीनांचे कार्य वाढवितो किंवा मंदावतो, हे स्पष्ट झाले.

ग्राहीरहित मूषक : ग्राहीविना गर्भ जगूच शकणार नाही, अशी अनेकांची अटकळ होती. ती १९९३ मध्ये चुकीची ठरली. डेनिस लुबान, केनेथ कोराक, ऑलिव्हर स्मिथीज व सहकाऱ्यांनी ग्राहीचा जीन निकामी केलेले मूषक निर्माण केले आणि ते प्रौढावस्थेपर्यंत जगले. माद्या वंध्य होत्या. त्यांचे गर्भाशय अविकसित, स्तनग्रंथी अपूर्ण व अंडकोश रक्तयुक्त पुटींनी भरलेले असून त्यांत पीतपिंड नव्हते. नरांची प्रजननक्षमताही घटली होती. याचे एक कारण रेक्स हेस व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये शोधले : वृषणातून शुक्राणू बाहेर नेणाऱ्या सूक्ष्म नलिका स्त्रीमदजनाच्या प्रभावाखाली द्रव शोषून घेतात, हे शोषण न झाल्यास शुक्राणू विरल होतात व साचलेल्या द्रवाने वृषणाची हानी होते. नराच्या शरीरात स्त्रीमदजन काय करते, या जुन्या प्रश्नाचे हे एक उत्तर होते.

१९९४ मध्ये या ग्राहीच्या जीनात उत्परिवर्तन असलेल्या २८ वर्षीय पुरुषाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याची उंची २०४ सेंमी. होती, हाडांची टोके जुळून वाढ थांबलेली नव्हती आणि हाडे विरळ झाली होती. पुरुषाच्या हाडांनाही स्त्रीमदजनाची गरज असते, हे यावरून सिद्ध झाले.

स्टॉकहोम येथील यान-ऑके गुस्टाफसन यांच्या गटाने १९९६ मध्ये उंदराच्या अष्ठीला ग्रंथीतून दुसरा ग्राही शोधला. पहिल्यास ‘आल्फा’ व दुसऱ्यास ‘बीटा’ ही नावे मिळाली. बीटा ग्राही नसलेल्या मूषक माद्यांना (१९९८) पिले होतात, परंतु कमी. दोन्ही ग्राही नसलेल्या प्रौढ माद्यांच्या अंडकोशात वृषणातील आधारकोशिकांसारख्या कोशिका दिसतात, असे १९९९ मध्ये आढळले. अंडकोशाचे स्वरूप टिकविण्यासही हे हॉर्मोन लागते, असा त्याचा अर्थ होतो.

जननेंद्रियांपलीकडील कार्यही उघड होत गेले. आल्फा ग्राही नसलेल्या नर व मादी या दोहोंत मेदाचा साठा वाढतो (२०००). हाड विरघळविणाऱ्या कोशिकांतूनच हा ग्राही काढल्यास मूषक माद्यांच्या हाडांची झीज होते (२००७). मेंदूच्या अधोथॅलॅमस भागातील एका कोशिकासमूहातून तो काढल्यास मादीचा ऊर्जाव्यय घटतो, तर दुसऱ्या समूहातून काढल्यास ती अधिक खाते (२०११). डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉलाचा जुना प्रश्नही येथेच सुटला : आल्फा ग्राही नसलेल्या नवजात मादीस हे औषध दिले तरी तिच्या जननमार्गात नेहमीच्या विकृती होत नाहीत (२००१). हानी करणारा मार्ग ग्राहीतूनच जात होता.

मर्यादा : मूषकातील सर्वच निष्कर्ष मानवास लागू पडत नाहीत. टॅमॉक्सिफेन हे औषध मूषकात स्त्रीमदजनासारखे कार्य करते, उंदरात मुख्यत्वे त्याच्या विरुद्ध; मानवी स्तनाच्या कर्करोगावर ते १९७० नंतरच्या दशकापासून विरोधी द्रव्य म्हणूनच उपयोगी पडले आहे. केवळ मूषकावर विसंबले असते, तर हे औषध कदाचित टाकून दिले गेले असते. तसेच मूषक गर्भाच्या रक्तातील आल्फा-फीटोप्रथिन स्त्रीमदजनास बांधून मादीच्या मेंदूचे त्यापासून रक्षण करते. मानवातील त्याच प्रथिनात हा गुण नाही.

तरीही १९६२–६३ मधील मूषकांचे पुरावे व १९७१ मधील रुग्ण यांमधील अंतर विसरता येत नाही. मूषकाचा निष्कर्ष हा मानवासंबंधीचा निर्णय नव्हे. परंतु तो तपासून पाहण्याजोगा प्रश्न असतो आणि तो वेळेवर तपासला न गेल्यास त्याची किंमत पुढील पिढीस द्यावी लागते.