घुमटाचे गणित

विजापूरचा गोल घुमट 1656 साली पुरा झाला आणि आजही उभा आहे. जेथे हिशेब पोचत नसे, तेथे जुने गवंडी जाडी वाढवीत. गणिताची उणीव भिंत भरून काढी. अणुभट्टीवरील काँक्रीटच्या घुमटाला ही मुभा नाही. त्याचे कवच रुंदीच्या मानाने अतिशय पातळ असते, आणि अपघात झाल्यास किरणोत्सारी द्रव्ये कोंडून धरण्याचे काम त्यालाच करावयाचे असते.

अशा वक्र कवचाचे गणित एका सूत्रात मावत नाही. म्हणून त्याचे असंख्य लहान तुकडे कल्पावयाचे, प्रत्येकाची समीकरणे मांडावयाची आणि शेजारच्या तुकड्यांशी मेळ घालून ती एकत्र सोडवावयाची, अशी रीत निघाली. अमेरिकेतील क्लफ यांनी 1960 साली तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिले. संगणकामुळे ती सर्वत्र रूढ झाली. मात्र पातळ कवचाचे तुकडे मांडताना जाडीच्या दिशेचा ताण नगण्य मानण्याचा प्रघात आहे.

हा ताण किती घातक ठरू शकतो, हे 13 मे 1994 रोजी कारवारजवळील कैगा येथे दिसून आले. घुमटाच्या पोटातील पोलादी केबल ताणल्या म्हणजे वक्रतेमुळे आतल्या बाजूस दाब देतात. त्यामुळे काँक्रीटचे थर एकमेकांपासून सुटू पाहतात. बांधकाम चालू असतानाच आतील थर निखळून सुमारे 130 टन काँक्रीट कोसळले. चौदा कामगार जखमी झाले. अणुइंधन अद्याप भरलेले नव्हते, हेच सुदैव. पुढे घुमटाचा आराखडा बदलण्यात आला, आणि 2000 साली तेथील दोन्ही संचांचे व्यापारी उत्पादन सुरू झाले.

अशा कवचाची मुद्दाम घेतलेली परीक्षा तारापुरास झाली. कल्याण-डोंबिवली ज्या ठाणे जिल्ह्यात आहेत, त्याच जिल्ह्यात 2014 पर्यंत तारापूर होते. तेथे 1969 पासून अणुवीज निघत होती. 2005 व 2006 साली 540 मेगावॉटचे दोन संच सुरू झाले. त्यांच्या अंतर्कवचाची एक चतुर्थांश आकाराची प्रतिकृती भाभा अणुसंशोधन केंद्राने तेथेच बांधली. देशोदेशींच्या अभ्यासकांनी आपापले आकडे आधी मांडले, आणि मग प्रतिकृतीत हवेचा दाब भरण्यात आला. तडा जाईपर्यंत दाब दुप्पट झाला की फुगवटाही दुप्पट होतो. तडा गेल्यावर हे सरळ प्रमाण मोडते. तेथून पुढचे गणित कितपत खरे उतरते, हे प्रत्यक्ष काँक्रीटवरच पडताळावे लागते.